दोन मशीन, चार टॉप, दोन बेस : सभागृहातली जोडणी, ब्रिज आणि अर्थिंगचा घोळ

सभागृह_देवरुख

नमस्कार मंडळी. ३०० खुर्च्यांच्या सभागृहासाठी सामान आलंय. नाटकं, भजन स्पर्धा, शाळांची गॅदरिंगं आणि अधूनमधून लग्न असा वापर आहे. कायमची जोडणी करायच्या आधी तुमचं मत हवंय.

सामान असं :

पॉवर अँप्लिफायर (खाली "मशीन" म्हटलंय ते) २, एकाच मॉडेलचे. क्लास एच, आत मोठा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर, वजनाला चांगलेच जड. मॅन्युअलमध्ये ८ ओहमला दर चॅनेल ८०० वॅट, ४ ओहमला १३००, २ ओहमला १९०० आणि ब्रिजमध्ये (दोन्ही चॅनेल मिळून एक) ४ ओहमला ३८०० लिहिलंय. मागे ०.७७५ व्होल्ट, १.४ व्होल्ट आणि ३२ डीबी असा तीन जागांचा, किती सिग्नलला पूर्ण ताकद द्यायची ते ठरवणारा, स्विच आहे.

टॉप (मधल्या-वरच्या सुरांच्या पेट्या) ४, १२ इंची आणि हॉर्न, ८ ओहम, ४०० वॅट आरएमएस (सतत झेपणारे), पीक (क्षणभर) १६००. बेस (खालच्या सुरांच्या पेट्या) २, १८ इंची, ८ ओहम, ६०० वॅट आरएमएस. १६ चॅनेलचा मिक्सर. डीएसपी (आवाज टॉप-बेसला वाटून देणारं आणि मर्यादा घालणारं यंत्र), दोन इनपुट सहा आउटपुट.

प्रश्न :

१. बसवायला आलेला माणूस म्हणतो, दुसरं मशीन ब्रिज करून दोन्ही बेस त्यावर टाका, "छातीत वाजेल". करावं का?

२. मशीनचे नॉब कुठे ठेवायचे? तो म्हणतो निम्म्यावर ठेवा, म्हणजे स्पीकर जळत नाहीत.

३. लॅपटॉप लावला की घूंऽऽ असा हम येतो. त्यावर उपाय म्हणून मशीनच्या प्लगची अर्थ पिन काढायला सांगितलीय.

४. मशीन चालू करताना कधी कधी एमसीबी पडतो, कधी पडत नाही. ३२ अँपिअरचा टाकू का?

५. लाल क्लिपचा (मशीनची हद्द संपल्याचा) दिवा कितपत लागलेला चालतो?

---

ओहमचा_नियम

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते जिवाशी आहे : अर्थ पिन काढायची नाही. आज नाही, उद्या नाही, "फक्त या कार्यक्रमापुरती" तर मुळीच नाही. का, ते विजेवाले सविस्तर सांगतील. मी बाकीच्यावर येतो.

ब्रिज करू नका. ब्रिजमध्ये दोन्ही चॅनेल एकाच लोडला दोन टोकांनी ढकलतात, त्यामुळे प्रत्येक चॅनेलला लोड निम्मा दिसतो. दोन ८ ओहमचे बेस पॅरललमध्ये म्हणजे ४ ओहम, आणि ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलच्या दृष्टीने २ ओहम. म्हणजे मशीन तापण्याच्या काठावर. आणि निघणारे ३८०० वॅट दोन बेसमध्ये वाटले की प्रत्येकी १९००, झेपणारे ६००. छातीत वाजेल खरं, पण थोडाच वेळ. मग स्पीकरमधल्या जळक्या कॉइलचा वास येईल.

तुमचं सामान खरं तर बिनब्रिजचं छान जुळतं :

पहिलं मशीन टॉपला. चॅनेल ए वर डावीकडचे दोन टॉप पॅरलल, म्हणजे ४ ओहम; चॅनेल बी वर उजवीकडचे दोन. दुसरं मशीन बेसला, दर चॅनेलवर एक बेस, ८ ओहम. ८०० वॅटचं चॅनेल आणि ६०० वॅटचा बेस. यापेक्षा सरळ जोडणी नाही.

आता नॉब. मशीनवरचा नॉब हा आवाज "रोखणारा" बांध नाही. तो आत येणारा सिग्नल कमी करतो, एवढंच. नॉब निम्म्यावर असला तरी मिक्सरवाल्याने फेडर वर ढकलला की मशीन पूर्ण ताकदीला पोचतंच. स्पीकर वाचवायचं काम लिमिटरचं (ठरलेल्या पातळीपुढे सिग्नल जाऊ न देणाऱ्या भागाचं), आणि लिमिटरचं गणित वॅटमध्ये नाही, व्होल्टमध्ये करायचं.

सूत्र एकच : व्होल्ट = (वॅट × ओहम) चं वर्गमूळ.

टॉप : ४०० × ८ = ३२००, वर्गमूळ ५६.६ व्होल्ट.
बेस : ६०० × ८ = ४८००, वर्गमूळ ६९.३ व्होल्ट.

इथे नव्वद टक्के लोक चुकतात. "एका चॅनेलवर दोन टॉप आहेत, म्हणजे मर्यादा दुप्पट" असं नसतं. पॅरललमध्ये दोघांनाही तोच व्होल्टेज मिळतो. करंट दुप्पट होतो, व्होल्ट नाही. मर्यादा ५६.६ च राहते.

मागचा स्विच ३२ डीबीवर ठेवा. ३२ डीबी म्हणजे ४० पट. मग मशीनच्या इनपुटला किती हवं?

टॉप : ५६.६ ÷ ४० = १.४१ व्होल्ट, म्हणजे +५.२ डीबीयू (०.७७५ व्होल्ट म्हणजे ० डीबीयू).
बेस : ६९.३ ÷ ४० = १.७३ व्होल्ट, म्हणजे +७ डीबीयू.

डीएसपीच्या आउटपुट लिमिटरवर हे आकडे टाका. गॅदरिंगमध्ये दाबून मिक्स केलेली गाणी तासन्‌तास वाजतात, त्यात विसावाच नसतो. तेव्हा ३ डीबी खाली, म्हणजे टॉप +२ आणि बेस +४ वर ठेवलेलं बरं. कानाला फरक थोडा, कॉइलची उष्णता निम्मी.

हे गणित नॉब पूर्ण उघडा असतानाच खरं आहे. म्हणून नॉब शेवटपर्यंत फिरवा आणि वर पट्टी लावून बंद करा. कुणी नंतर स्विच ०.७७५ व्होल्टवर सरकवला, तर तुमच्या मशीनचा गेन ३२ वरून साधारण ४० डीबीवर जातो. लिमिटर जागच्या जागी, पण तेवढ्याच सिग्नलला स्पीकरवर अडीचपट व्होल्टेज, मशीन क्लिप होईपर्यंत. शिवाय शांततेत हॉर्नमधून सुऽऽ असा आवाज येईल तो वेगळाच. त्या स्विचवरही पट्टी.

क्लिपचा दिवा ड्रमच्या ठोक्याला क्षणभर लुकलुकला तर हरकत नाही. शब्दागणिक लागत असेल तर खाली घ्या. लागून राहत असेल तर काहीतरी चुकलेलं आहेच. वरचे लिमिटर बरोबर लागले तर तुमच्या मशीनवर तो जवळजवळ दिसायलाच नको.

---

परवानाधारक_वायरमन

विजेचं मी सांगतो. क्रमाने नाही, महत्त्वाप्रमाणे.

अर्थ पिन. मशीनची पूर्ण धातूची पेटी अर्थला जोडलेली असते. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा एखादी फेज वायर सुटून पत्र्याला लागली, तर अर्थमुळे करंट जमिनीत जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो. पिन काढली की तोच २३० व्होल्ट पेटीवर उभा राहतो. तिथून शील्डमधून मिक्सरवर, आणि मिक्सरमधून माइकच्या जाळीवर. ओठ माइकला टेकवून गाणाऱ्या भजनी बुवांपर्यंत हा रस्ता सरळ आहे.

हमवर औषध वेगळं आहे. लॅपटॉपचा चार्जर, मिक्सर आणि मशीन वेगवेगळ्या जागी अर्थ झाले की सिग्नलच्या शील्डमधून करंट फिरतो. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नल पुढे देणारी, पण दोन बाजू वेगळ्या ठेवणारी डबी) लावा आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच उचला. तो सिग्नलची शील्ड तोडतो, विजेची अर्थ नाही. फरक लक्षात ठेवा. चार्जर काढून हम गेला तर निदान पक्कं.

डीएसपी ते मशीन बॅलन्स्ड एक्सएलआरच वापरा : पिन १ शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड. तरी गुणगुण राहिली तर शील्ड फक्त मशीनच्या टोकाला तोडलेली एक केबल वेगळी करून ठेवा, आणि तिच्यावर रंगीत टेप लावा. नाहीतर कुणीतरी ती कंडेन्सर माइकला लावेल आणि फँटम (माइकला केबलमधून मिळणारी वीज) का जात नाही म्हणून तासभर शोधत बसेल.

फेज. रंगमंचाचे दिवे आणि डिमर एका फेजवर, आवाजाचं सगळं दुसऱ्या फेजवर. मिक्सरचा सप्लायही मशीनच्या बोर्डावरूनच न्या, मागच्या भिंतीवरच्या जवळच्या सॉकेटमधून नको. डिमर वरखाली केल्यावर बदलणारी खरखर ही हमपेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि ती अशानेच जाते.

एमसीबी. मोठा टोरॉइड चालू होताना पहिल्या अर्ध्या लाटेत नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. कधी पडतो, कधी नाही, याचं कारण मशीन सदोष आहे असं नाही. तुम्ही बटण दाबलं तेव्हा २३० व्होल्टची लाट कुठे होती त्यावर ते ठरतं. लाट शून्यातून जाताना सापडली तर ओढ सर्वांत जास्त. तुमच्याकडे बहुतेक बी कर्व्हचा एमसीबी असेल. तो रेटिंगच्या ३ ते ५ पटीला तत्काळ पडतो. सी कर्व्हचा ५ ते १० पटीला. तेव्हा प्रत्येक मशीनला स्वतंत्र सर्किट, १६ अँपिअर सी कर्व्ह, आणि किमान २.५ चौरस मिमी तांब्याची वायर.

३२ चा टाकू नका. एमसीबी वायर वाचवायला असतो. २.५ च्या वायरवर ३२ चा बसवला की भिंतीतली वायर वितळेल, एमसीबी शांत राहील.

चालताना करंट वाटतो तेवढा नसतो. संगीत क्लिपच्या काठावर वाजत असताना सरासरी पॉवर साधारण एक अष्टमांश धरतात. टॉपच्या मशीनचे २६०० भागिले ८, म्हणजे ३२५ वॅट बाहेर. त्यासाठी अशा मशीनला ढोबळमानाने ४ ते ५ अँपिअर आत लागतील. मॅन्युअलमध्ये याचा तक्ता असतो, "एक अष्टमांश" आणि "एक तृतीयांश" अशा ओळींचा. गॅदरिंगच्या दाबलेल्या गाण्यांना एक तृतीयांशची ओळ बघा.

प्लग लावायच्या आधी मल्टिमीटरने तीन मापं घ्या, नुसत्या लाइन टेस्टरने नाही :

फेज–न्यूट्रल : २०७ ते २५३ च्या मध्ये.
फेज–अर्थ : जवळपास तेवढंच.
न्यूट्रल–अर्थ : सभागृहात लोड चालू असताना दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको.

फेज–अर्थला ६० वॅटचा चाचणी दिवा लावून बघायची जुनी पद्धत ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर चालत नाही, तो लगेच पडेल. पडला म्हणजे आरसीसीबी काम करतोय आणि अर्थ जोडलेली आहे, हेही एक उत्तरच. पण अर्थ किती चांगली आहे ते अर्थ टेस्टरनेच कळतं.

थ्री फेज जोडणीत मुख्य न्यूट्रल ढिला असेल तर एका फेजवर १५० आणि दुसऱ्यावर ३००–३५० व्होल्ट जाऊ शकतात. मांडवात आणि जनरेटरवर मशीन जळण्याचं हे फार मोठं कारण आहे, लोक मात्र कंपनीला शिव्या देतात. जनरेटर आधी सुरू करा, दिव्यांचा लोड टाका, व्होल्टेज स्थिर झालेला मोजा, मगच मशीनचे प्लग लावा. जनरेटर बंद करायच्या आधी मशीन बंद.

एक्स्टेन्शन १६ अँपिअरचं, आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडलेलं. गुंडाळलेल्या केबलला उष्णता बाहेर टाकायला जागा नसते.

---

कोकण_साउंड

एवढं गणित कशाला? स्पीकर ४०० चा आहे तर मशीन ३०० चं घ्या. कधी जळणार नाही. सोपा हिशेब.

---

ओहमचा_नियम

@कोकण_साउंड दादा, हा हिशेब तेव्हाच खरा ठरतो जेव्हा मिक्सरवर बसलेला माणूस कधीच हाव करत नाही.

३०० वॅटचं मशीन क्लिप झालं की लाटेचे शेंडे कापले जातात. शेंडे कापलेल्या लाटेची सरासरी पॉवर वाढते. साइनची चौकोनी लाट झाली तर दुप्पट, म्हणजे ३०० चं मशीन ६०० पर्यंत देऊ लागतं. आणि लाट कापली जाताना वरच्या पट्टीत जास्तीची ऊर्जा तयार होते, ती क्रॉसओव्हरमधून थेट हॉर्नच्या ड्रायव्हरकडे जाते. तो बिचारा वूफरच्या मानाने फार थोड्या वॅटचा धनी. म्हणून लहान मशीनवर आधी हॉर्नचा डायफ्रॅम उडतो, वूफर तसाच राहतो. "क्लिपमध्ये डीसी येतो आणि स्पीकर जळतो" हे जे सांगतात ते मात्र बरोबर नाही. चांगल्या मशीनच्या क्लिपमध्ये डीसी नसतो, उष्णता असते.

आरएमएसच्या दुप्पट मशीन का म्हणतात, ते याच सामानावर बघा. ८०० वॅट ८ ओहम म्हणजे ८० व्होल्ट आरएमएस, शेंडा ११३ व्होल्ट. टॉपचं पीक रेटिंग १६०० वॅट, त्याचाही शेंडा (१६०० × ८) चं वर्गमूळ = ११३ व्होल्ट. तंतोतंत. ठोक्याला जागा मिळते आणि सरासरी लिमिटर सांभाळतो. लिमिटर नसेल आणि मिक्सर कुणाच्याही हातात जाणार असेल, तर मोठं मशीनही धोक्याचंच, एवढं तुमचं म्हणणं मला मान्य.

---

पडद्यामागे

जोडणीच्या हाताच्या गोष्टी राहिल्यात, त्या लिहितो.

स्पीकर केबल : बाजारात "४०/७६" म्हणून मिळते ती जेमतेम सव्वा चौरस मिमी असते. २० मीटरला ४ ओहमच्या लोडसाठी ती नको. २.५ चौरस मिमीची २० मीटर केबल जाऊन-येऊन ०.३ ओहम भरते. ४ ओहमच्या जोडीला त्यामुळे साधारण १३ टक्के पॉवर कमी मिळते, अर्धा-पाऊण डीबी. चालेल. सव्वाच्या केबलला हाच आकडा २५ टक्क्यांजवळ जातो. बेसला तोटा पॉवरपेक्षा पकडीचा : वायरचा रोध वाढला की कोन थांबायला वेळ लागतो आणि पखवाज फुगल्यासारखा ऐकू येतो. रॅक स्टेजच्या विंगेत ठेवा, बाल्कनीत नको. सिग्नलची केबल लांब चालते, स्पीकरची नाही.

कनेक्टर स्पीकॉनच (फिरवून लॉक होणारा स्पीकरचा खास कनेक्टर). ६.३५ मिमीचा जॅक आत-बाहेर करताना क्षणभर शॉर्ट होतो. आणि स्पीकरच्या वायरीला घरगुती टू-पिन किंवा थ्री-पिन प्लग लावायची आपल्याकडची जी सवय आहे ती सभागृहात येऊच देऊ नका. तो प्लग अंधारात भिंतीच्या सॉकेटमध्ये गेला की स्पीकरला २३० व्होल्ट. उलट बाजूनेही : तुमच्या मशीनच्या टर्मिनलवर ८० व्होल्ट असतात, ब्रिजमध्ये १२० च्या वर. उघड्या वायरींना हात लावण्यासारखं ते नाही.

चार पोलच्या स्पीकॉनमध्ये १+ १− आणि २+ २− असतात. साध्या पेटीचं काम १+ १− वर. पण अनेक मशीनांच्या ए सॉकेटवर २+ २− ला बी चॅनेल आलेलं असतं, आणि ब्रिजचं आउटपुट १+ व २+ मध्ये. तयार केबलमध्ये चारही तारा भरलेल्या असतील तर मॅन्युअलचं चित्र बघितल्याशिवाय लावू नका. ब्रिजमध्ये दोन्ही तारा "गरम" असतात, त्यातली एकही अर्थला किंवा दुसऱ्या स्पीकरच्या मायनसला लागता कामा नये.

मशीनला लावण्याआधी प्रत्येक केबलच्या टोकाला, स्पीकर जोडलेला ठेवून, मल्टिमीटरवर ओहम मोजा. ८ ओहमची पेटी मीटरवर साडेपाच ते साडेसहा दाखवते, कारण मीटर डीसी रोध मोजतो. दोन पॅरलल असतील तर तीनच्या आसपास. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. काहीच नाही म्हणजे तार तुटली किंवा कॉइल गेली.

दोन्ही बेसची पोलॅरिटी : ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा, प्लस १+ ला. दोन्ही कोन बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर दोन बेस मिळून एकापेक्षा कमी वाजतील, आणि माणूस फेडर वाढवत बसेल.

डीएसपीमध्ये टॉप–बेसचा छेद ९०–१०० हर्ट्झला, आणि बेसला खालून ३०–३५ हर्ट्झचा हायपास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर), २४ डीबी उताराचा. हा विसरू नका. छिद्राची पेटी तिच्या सुराच्या खाली कोनाला धरून ठेवत नाही. माइक पडला, कुणी फुंकर मारली की कोन जागेवरून उडतो. लिमिटर कॉइलची उष्णता वाचवतो, कोनाची धाव वाचवतोच असं नाही.

लिमिटर लागला का ते बघायचं तर स्पीकरच्या सगळ्या केबल काढा, बेसच्या चॅनेलला ६० हर्ट्झची साइन द्या, मीटर एसी २०० व्होल्टवर, आणि मिक्सर हळूहळू वाढवा. ६९ (किंवा ३ डीबी खाली ठेवला असेल तर ४९) च्या पुढे जायला नको. टॉपला ३०० हर्ट्झ घ्या, हजार नको. स्वस्तातले मीटर चारपाचशेच्या वर खोटं बोलतात. प्रोब घसरू देऊ नका, दोन टर्मिनल एकमेकांना टेकले की मशीन शॉर्ट.

क्रम : आधी मिक्सर, मग डीएसपी, सर्वांत शेवटी मशीन, दोन मशीनांत पाचेक सेकंद सोडून. बंद करताना उलट, मशीन आधी. मशीन बंद केल्यावर बाकीचं बंद करायच्या आधी १५ सेकंद थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये जीव असतो.

रॅकमध्ये पुढच्या चार स्क्रूंवर एवढं वजन लटकवायचं नाही, मागून आधार हवा. पंख्याची हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते ते हात लावून बघा. एक मशीन पुढून ओढणारं आणि दुसरं पुढे फेकणारं असलं तर एकाचा गरम श्वास दुसऱ्याला. तुमची एकच मॉडेलं आहेत, सुटलात. पुढचा फोम महिन्यातून एकदा धुऊन, वाळवून लावा. लग्नाच्या सजावटीचा पडदा रॅकवर टाकू देऊ नका. आणि कोकणात आहात : पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांतून एकदा मशीन तासभर नुसतं चालू ठेवा, मागच्या रिकाम्या फटींना जाळी लावा. पाल आत गेली की ती स्वतःही जाते आणि आउटपुट ट्रान्झिस्टरही घेऊन जाते.

फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा, त्याच प्रकारचा. तार गुंडाळायची नाही. झाकण उघडायचं नाही; आत दोन्ही बाजूंना शंभरावर व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही मिनिटं राहतात.

---

नियमवाला

थोडं विषयाला सोडून. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला भाग सगळ्यांना पाठ आहे. सभागृह, नाट्यगृह, मंगल कार्यालय अशा बंद जागेत आतल्या आत वापर असेल तर सूट आहे. दारं उघडी ठेवून बेस गावात घातला तर ती सूट सांगता येणार नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. भिंतीतून टॉपचा आवाज कमी जातो, बेसचा जातोच. रात्रीच्या नाटकाला बेसचं मशीन चालूच करू नका, संवादाला त्याची गरज नसते.

---

सभागृह_देवरुख

सगळ्यांचे आभार. ब्रिज रद्द. पिन जागेवर. मापं घेतली :

फेज–न्यूट्रल २३४. फेज–अर्थ २२६. न्यूट्रल–अर्थ दिवे बंद असताना १ व्होल्ट, स्टेजचे सगळे दिवे लावले की ९ व्होल्ट.

डावीकडची टॉपची केबल ३.१ ओहम. उजवीकडची ६.२. बेस ५.८ आणि ५.९.

डीआय बॉक्स उसना आणून बघितला, लॅपटॉपचा हम गेला. पण दिवे लावल्यावर बारीक खरखर आहे.

---

पडद्यामागे

उजवीकडे एकच टॉप जोडलेला आहे, म्हणून ६.२. दुसऱ्या टॉपपर्यंत जाणारी लिंक केबल बघा : स्पीकॉन पूर्ण फिरवून खट् असा आवाज येईपर्यंत लॉक झालाय का, आणि आतला स्क्रू वायरीवर बसलाय की वायरीच्या प्लास्टिकवर. बहुतेक वेळा दुसरंच निघतं. ३.१ झाल्याशिवाय बाजू जुळवायला मिक्सरचा बॅलन्स फिरवू नका.

---

परवानाधारक_वायरमन

९ व्होल्ट हे दिव्यांच्या करंटमुळे न्यूट्रलवर पडतायत. म्हणजे आवाजाचा आणि दिव्यांचा न्यूट्रल पुढे कुठेतरी एकच आहे, आणि तो एकतर बारीक आहे किंवा त्याचा जोड सैल आहे. फेज वेगळी केली तरी हा न्यूट्रल सामाईक राहिला तर खरखर जाणार नाही, आणि सैल जोड उद्या पूर्ण सुटला तर वर लिहिलेले ३००–३५० व्होल्ट तुमच्या मशीनवर येतील.

मेन बंद करून मुख्य बोर्डातली न्यूट्रल लिंक परवानाधारक माणसाकडून उघडून घ्या. काळवंडलेला स्क्रू, जळल्याचा वास, हिरवट तांबं यातलं काही दिसलं तर वायर कापून नवीन लग लावून घट्ट करायची. डिमरच्या लोडला न्यूट्रल फेजपेक्षा बारीक असून चालत नाही, कारण डिमरने कापलेल्या लाटांचा करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना पूर्ण काटत नाही, उलट साठतो. मुख्य बोर्डापासून मशीनच्या बोर्डापर्यंत स्वतंत्र फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही ४ चौरस मिमी, असं ओढून घ्या.

मग पुन्हा सगळे दिवे लावून न्यूट्रल–अर्थ मोजा. तोपर्यंत दोन्ही मशीनचे प्लग बाहेर.